गाल टेकेना म्हणून नराला मुदतवाढ

दिनांक: २८ डिसेंबर

प्रति,
मा. इंजिनिअर ओत्मार पलूख,
प्रमुख, वन व शिकार विभाग,
जिल्हा कचेरी, पोद्लुझे.

अर्जदार: वेंदेलीन क्रुपाश, वय ६१, निवृत्त भूमापक, राहणार विश्ना ब्रेस्तोवा, घर क्रमांक ११७, सभासद, विश्ना ब्रेस्तोवा शिकारी संघ.

विषय: बारा फाट्यांच्या नर हरणाच्या परवान्याची मुदत ३१ डिसेंबरला संपत असून ती बंदुकीच्या दस्त्याच्या कारणाने वाढवून मिळणेबाबत.

संदर्भ: १) संघाचा नर-परवाना क्रमांक ४, अर्जदाराच्या नावाचा.
२) संघाच्या लुटुपुटूच्या न्यायालयाचा दि. २६ डिसेंबरचा निकाल, तोंडी.

महोदय,

१. बंदुकीच्या दस्त्यातलं अर्जदाराला जेवढं कळतं तेवढं या जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला कळत नाही, हे प्रथम नम्रपणे नमूद करण्यात येत आहे. चौतीस वर्षं अर्जदाराने लोकांच्या जमिनी मोजल्या, आणि एका मिलिमीटरची चूक त्याच्या हातून झाली नाही. मार्चमधल्या सर्वसाधारण सभेत अर्जदार उभा राहिला आणि म्हणाला की दस्ता निवडणं म्हणजे बाजारात भोपळा दाबून बघणं नव्हे, त्याला अभ्यास लागतो, आणि कोणाला आपल्या बंदुकीचा दस्ता बदलायचा असेल तर त्याने लाज न बाळगता आपल्याकडे यावं. टाळ्या पडल्या. अर्जदाराने सतरा कंपन्यांच्या दस्त्यांचा आलेख कागदावर काढून, त्यातून एक निवडून, स्वतःसाठी मागवला. तो १९ ऑगस्टला आला. डावखुऱ्या माणसाचा निघाला. अर्जदार उजवा आहे. मापं कपाटाच्या आरशासमोर घेतली गेल्यामुळे असं झालं.

२. हा दस्त्याचा उद्योग कशासाठी, ते सांगणं भाग आहे. संघाला वर्षाला मोठा नर एकच मिळतो आणि तो पाळीने मिळतो. अर्जदाराची पाळी तेवीस वर्षांनी आली. ३१ डिसेंबरच्या आत ज्याचा नर पडला नाही त्याचं नाव यादीच्या तळाला जातं, हा नियम आपणास ठाऊक आहे. यादीत तेवीस माणसं आहेत. म्हणजे अर्जदाराची पुढची पाळी त्याच्या वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी येईल, आणि क्रुपाश घराण्यात बहात्तरच्या पुढे अजून कोणी गेलेलं नाही. संघाचे अध्यक्ष श्री. इम्रिख झुर्न्याक, धंद्याने खाटीक, यांना हा हिशोब दाखवला. ते म्हणाले, मग पाळी तुझ्या विधवेला देऊ, तिचा नेम तुझ्यापेक्षा बरा असेल. यादीत अर्जदाराच्या खाली श्री. झुर्न्याक यांचे जावई श्री. दुशान यांचं नाव आहे. श्री. झुर्न्याक यांच्या कुरणाचं कुंपण अर्जदाराने पूर्वी मोजणीअंती चाळीस सेंटिमीटर आत घ्यायला लावलं होतं. त्याचा इथे काही संबंध नाही. तरी नोंद असावी.

३. बंदूक अर्जदाराच्या सासऱ्यांची, कै. आउगुस्तीन यांची. ते उघड्या डोळ्याने नेम धरत, म्हणून अक्रोडाच्या लाकडाचा त्यांचा दस्ता खाली उतरता होता. अर्जदाराने वर दुर्बीण बसवली. आता दुर्बिणीतून बघायचं तर डोळा वर न्यावा लागतो, आणि डोळा वर नेला की गाल दस्त्यावरून उठतो आणि लोंबकळत राहतो. गाल टेकलेला नसला की गोळी कुठे जाणार हे गोळीलासुद्धा माहीत नसतं. एकोणीस वर्षांत अर्जदाराने या बंदुकीने दोन कोल्हे, एक वनखात्याची पाटी आणि श्री. झुर्न्याक यांची चहाची किटली एवढंच मारलं. यातला दुसरा कोल्हा आधीच मेलेला होता असं काही लोक म्हणतात. श्री. झुर्न्याक तर भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, मांस तोलता तोलता म्हणाले: "वेंदो, तुझा गाल हवेत, तुझी गोळी हवेत, आणि तूही हवेत." दुकानात सात माणसं होती. सातही हसली. अर्जदाराने पावशेर कलेजी घेतली आणि घरी आला.

त्याच दिवशी अर्जदाराने ठरवलं की हलता दस्ता घ्यायचा. ज्याची गाल टेकायची फळी चाक फिरवून वर-खाली होते आणि ज्याचं बूड माणसाच्या हाताच्या लांबीप्रमाणे मागे-पुढे सरकतं, असा.

४. डावखुरा दस्ता परत पाठवला. दुसरा मागवला. तो उजव्या हाताचा होता, पण याच बंदुकीच्या धाकट्या भावंडाचा. नळी त्यात बसायला गेली ती तीनचाकी सायकलवर बसलेल्या मोठ्या माणसासारखी. अर्जदाराने दोन आठवडे कानशीने घासून जागा केली. जागा झाली त्या दिवशी दस्ता मधोमध चिरला. मग तिसरा मागवला. या सगळ्या काळात, म्हणजे १९ ऑगस्ट ते ४ ऑक्टोबर, अर्जदाराची बंदूक नागडी होती. नळी टॉवेलात गुंडाळून, कायद्याप्रमाणे, कुलपाच्या कपाटात.

नर आला तो १७ सप्टेंबरला, सकाळी सव्वासहाला. माद्यांसाठी नर ओरडत फिरतात ते, माजाचे दिवस होते. तो अर्जदाराच्या बागेत, स्वयंपाकघराच्या खिडकीपासून चाळीस पावलांवर उभा राहिला, प्लमच्या झाडाखाली, आणि ओरडला. कपाटातल्या बश्या हलल्या. (बाग गावठाणाच्या हद्दीबाहेर दीड मीटर पडते. ही हद्द अर्जदाराने स्वतः मोजलेली आहे.) अर्जदाराने शिंगांचे फाटे मोजले. बारा. पुन्हा मोजले, तरी बारा. जुना दस्ता दोन स्क्रूंनी चार मिनिटांत परत बसतो, म्हणून अर्जदार नळी घेऊन कोपऱ्याकडे धावला. कोपऱ्यात दस्ता नव्हता. अर्जदाराची पत्नी अमालिया तेव्हा बटाटे सोलत होती. मान वर न करता तिने सांगितलं की इम्रो (म्हणजे श्री. झुर्न्याक) मांसाच्या धुरीसाठी लाकूड मागायला आला होता, त्याला देऊन टाकला, चार आठवडे पायात येत होता. अर्जदाराने तिला आठवण करून दिली की तो दस्ता तिच्या वडिलांचा होता.

"बाबा पण पायातच यायचे," अमालिया म्हणाली.

नराने तोवर खालच्या फांदीवरचे प्लम संपवले आणि तो सावकाश निघून गेला. अर्जदार खिडकीत उभा होता, हातात नळी आणि नळीला टॉवेल.

५. तिसरा दस्ता ४ ऑक्टोबरला आला. तो मात्र निर्दोष होता. लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून केलेला, करडा-हिरवा, दोन काळ्या चाकांचा. अर्जदाराने बनियनवर, बाही नसलेल्या हाताने, कोपरापासून बोटाच्या पेऱ्यापर्यंत चार वेळा माप घेतलं, चारही वेळा सारखं आलं, आणि त्याप्रमाणे चाकं लावली. गाल टेकला. एकोणीस वर्षांनी टेकला. तो क्षण कसा होता हे सरकारी कागदात लिहिण्यासारखं नाही.

पण आपल्याकडे नवी वस्तू कोरडी ठेवत नाहीत. अर्जदाराने संघाला बोलावलं. बोरोविच्का दारूच्या सहा बाटल्या, डुकराची चरबी, कांदा, पाव. बारा जण आले. बाराही जणांनी दस्ता खांद्याला लावून बघितला आणि बाराही जणांनी आपापल्या गालाप्रमाणे चाकं फिरवली. प्रत्येक जण म्हणाला की आता कुठे हा नीट बसला. अर्जदार प्रत्येक वेळी मध्ये पडत होता, पण प्रत्येक वेळी त्याच्या हातात पेला दिला जात होता. सगळ्यांत शेवटी दस्ता श्री. दुशान यांच्याकडे गेला. त्यांच्या गालावर एवढं मांस आहे की त्यांनी फळी पार खाली घातली, आणि हात एवढे आखूड की बूड पार आत. अर्जदार कोणावरही आरोप करीत नाही.

६. दुसऱ्या दिवशी उजाडताना अर्जदार हरणांना चाटायला ठेवलेल्या मिठाच्या खांबासमोरच्या मचाणावर होता. एरवी तो मापं तपासल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, पण सहावी बाटली त्यालाच संपवावी लागली होती. सात वाजून दहा मिनिटांनी नर आला, नव्वद मीटरवर. अर्जदाराने बंदूक उचलली आणि गाल हवेत. शांतपणे, न घाबरता, त्याने चाक फिरवून फळी वर घेतली, अगदी शेवटपर्यंत वर, आणि गाल टेकवला. चाप ओढेपर्यंत सर्व काही शास्त्रशुद्ध होतं. फक्त बूड श्री. दुशान यांच्या मापाचंच राहिलं होतं, त्यामुळे दुर्बीण डोळ्याच्या फार जवळ होती. बार उडाला तशी ती अर्जदाराच्या भुवईत घुसली. गोळी मिठाच्या खांबाला लागून खांब दुभंगला.

नर दचकून वीस पावलं पळाला, वळला, आणि मीठ जमिनीवर सांडलेलं बघून परत आला. एवढंच नव्हे तर काही खडे मचाणाच्या दिशेने उडाले होते, ते चाटत चाटत तो तीस मीटरवर आला. अर्जदाराने दुसरं काडतूस भरण्यासाठी बोल्ट मागे ओढला. बोल्ट अर्ध्यावर अडला, कारण फळी आता इतकी वर होती की ती त्याच्या वाटेत आली होती. फळी खाली घेण्यासाठी चाक फिरवावं, तर चाक रक्ताने निसटत होतं. अकरा मिनिटं नर मीठ चाटत होता आणि अकरा मिनिटं अर्जदार एका डोळ्याने चाक शोधत होता. मीठ संपलं तेव्हा नराने वर बघितलं. अर्जदाराच्या मते त्याला आणखी हवं होतं.

भुवईला पाच टाके पडले. डॉ. ब्रेझिनोवा यांनी कसं लागलं ते विचारलंही नाही. म्हणाल्या की दुर्बिणीचा हा अर्धचंद्र त्या ओळखतात, दर मोसमात तीन-चार येतात, पण दस्ता खास आपल्या मापाचा करून घेऊन आलेले तुम्हीच पहिले.

७. यापुढचं थोडक्यात लिहितो. अर्जदाराने पत्नीच्या लाल नेलपॉलिशने दोन्ही चाकांवर खुणा केल्या, म्हणजे कोणी फिरवलं तरी परत जागेवर आणता यावं. नोव्हेंबरमध्ये थंडी पडली. अर्जदाराने जाड लोकरी कोट घातला, आत दोन स्वेटर. मापं बनियनवर घेतलेली होती. त्यामुळे बूड काखेत अडकू लागलं, आणि बंदूक खांद्याला येण्याऐवजी अर्जदारच बंदुकीकडे झुकू लागला. उपाय सोपा, बूड सहा खाचा आत घ्यायचं. हलत्या दस्त्याचा फायदाच तो. १२ नोव्हेंबरला नर समोर आला तेव्हा अर्जदाराने पहिली खाच घेतली. ट्टक असा आवाज झाला. नराने कान उभे केले. दुसरी, तिसरी. चौथ्या खाचेला नराने पाठ फिरवली. सहावी खाच पडली तेव्हा मापं बिनचूक होती आणि समोर रिकामं गवत होतं.

आवाज जावा म्हणून अर्जदाराने खाचांना हंसाची चरबी लावली. आवाज गेला. १९ नोव्हेंबरला बार उडाला तशी खाचांची पकडही गेली, बूड आतल्या आत सरकलं आणि अर्जदाराचा स्वतःचा अंगठा स्वतःच्या नाकावर येऊन आदळला. श्री. झुर्न्याक यांनी दुकानात खडूची पाटी लावली. डावीकडे 'नर', उजवीकडे 'वेंदो', खाली रेघा. नराच्या खाली एकही रेघ नव्हती. शाळेतली पोरं अर्जदाराला रस्त्यात थांबवून विचारू लागली, "वेंदोकाका, आज कुठे लागलं?"

८. आता ९ डिसेंबरचा प्रसंग. यात अर्जदाराचा दोष शून्य आहे, आणि हा एकच प्रसंग मुदतवाढीला पुरेसा आहे असं त्याला वाटतं.

बर्फ पडलं होतं. सकाळी आठला बघितलं तर नर बागेच्या मागच्या कुरणावर येऊन बसलेला. उभा नव्हे, बसला, गाय बसते तसा. बंदूक तयार होती. कोटावर मापं घेतलेली, खाचा पुसलेल्या, फळी लाल खुणेवर, बोल्ट मोकळा. अर्जदाराने गाल टेकवून बघितला. टेकला. दुर्बिणीत नराची पापणी दिसत होती. आणि मग अर्जदाराला आठवलं की वहीत सही केलेली नाही.

महोदय, रानात पाऊल टाकण्याआधी वहीत नाव, वेळ आणि जागा लिहावी लागते, नाहीतर बार बेकायदा, हे आपणच मागच्या वर्षी सभेत टेबलावर हात आपटून सांगितलं होतं. वहीची पेटी वनरक्षकाच्या फाटकावर असते, म्हणजे अर्जदाराच्या घरापासून एकोणीसशे ऐंशी मीटर. अर्जदाराने बंदूक कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि बर्फातून पळत गेला. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला दुसरं काही सुचतही नाही. पेटीतलं पेन गोठलं होतं. ते तोंडात धरून गरम केलं. वही उघडली. त्या दिवशीच्या पानावर एकच नोंद होती, श्री. झुर्न्याक यांच्या अक्षरात, सकाळी साडेसातची: "वेंदोचा नर वेंदोच्या कुरणावर. वेंदो इकडे येईल."

अर्जदाराने खाली सही केली. वेळ लिहिली. परत आला तेव्हा बर्फात नराच्या बसण्याची जागा होती, अजून कोमट. अमालिया कुंपणाशी उभी होती आणि तिच्या हातात सफरचंदाची रिकामी पाटी होती. ती म्हणाली की आउगुस्तीन तुझी वाट बघून गेला. अर्जदाराला आधी कळलं नाही. चौकशी केल्यावर असं निष्पन्न झालं की सप्टेंबरपासून ती नराला खायला घालते आणि तिने त्याला आपल्या वडिलांचं नाव ठेवलं आहे, कारण तोही नुसता उभा राहून चघळतो आणि अर्जदाराकडे बघतो.

९. आता संदर्भ क्रमांक २. २६ तारखेला, संत स्टीफनच्या दिवशी, वर्षातला शेवटचा हाका झाला आणि प्रथेप्रमाणे गावच्या सभागृहात संघाचं लुटुपुटूचं न्यायालय भरलं. जो कोणी वर्षभरात चुकला त्याला तिथे शिक्षा होते. त्याला मेलेल्या रानडुकरावर पालथं घालतात आणि काठीचे तीन फटके देतात. ती सगळी गंमत असते हे अर्जदाराला मान्य आहे. तो स्वतः पूर्वी अनेकांच्या फटक्यांना हसलेला आहे.

न्यायाधीश श्री. झुर्न्याक होते, आणि त्यांनी पत्नीचा ड्रेसिंग गाऊन घातला होता. आरोप असा वाचला गेला की आरोपीने एका सभ्य नराला चार महिने विनाकारण ताटकळत ठेवलं, त्याला मिठाची चटक लावली, आणि शेवटी स्वतःच्या बायकोच्या नादी लावलं. अर्जदाराला बचावाची संधी दिली. अर्जदाराने आलेख आणले होते. दुसरा आलेख उघडेपर्यंत लोकांनी ताटं वाजवायला सुरुवात केली. मग सॉसेज वाढली. ती कडू होती. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं तेव्हा श्री. झुर्न्याक म्हणाले की वेंदोच्या सासऱ्याच्या दस्त्याचा धूर आहे हा, अक्रोडाचा, म्हातारा आयुष्यभर असाच लागायचा. अमालिया सगळ्यांत मोठ्याने हसली. अर्जदाराने दोन सॉसेज खाल्ली होती.

काठीऐवजी दस्ता वापरायचा असं ठरलं. अर्जदाराच्याच बंदुकीचा, अर्जदारानेच स्क्रू काढून द्यायचा, कारण दुसऱ्या कोणाला ते नीट जमणार नाही, असं न्यायालय म्हणालं. अर्जदाराने काढून दिला. श्री. दुशान यांनी बूड शेवटच्या खाचेपर्यंत बाहेर ओढलं, म्हणजे फटक्याला लांबी यावी. पहिला फटका शिकाऱ्यांच्या संत हुबर्टच्या नावाने पडला, दुसरा संघाच्या. तिसऱ्या वेळी श्री. झुर्न्याक थांबले. "वेंदो," ते म्हणाले, "हा कुंपणाचा." तिसऱ्या फटक्याला गालाची फळी तुटून सुपाच्या भांड्यात पडली.

महोदय, त्या वेळी आपण स्वतः सन्माननीय पाहुणे म्हणून हजर होता आणि अर्जदाराचे दोन्ही पाय आपण धरले होते. त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. उलट आपण धरल्यामुळे त्याला जास्त हलता आलं नाही, त्यामुळे इजा कमी झाली. हे इथे एवढ्यासाठीच लिहिलं आहे की प्रकरणाची माहिती आपणास नव्याने द्यावी लागू नये.

१०. सबब अर्जदाराची पुढील विनंती आहे. नर-परवाना क्रमांक ४ ची मुदत ३१ जानेवारीपर्यंत वाढवून मिळावी. कायद्याने जानेवारीत नर मारता येत नाही, हे अर्जदाराला माहीत आहे. तसं असल्यास कॅलेंडरमध्ये नव्हे, तर परवान्यावरच्या तारखेत बदल करावा आणि तो अर्जदाराने ऑगस्टात घेतला असं न धरता ४ ऑक्टोबरला, म्हणजे दस्ता आला त्या दिवशी, घेतला असं धरावं. तेवढे सत्तेचाळीस दिवस अर्जदाराचे येणे निघतात. तेही शक्य नसेल तर नवी फळी येईपर्यंत, म्हणजे साधारण तीन आठवडे, हा नर कोणीही मारू नये असा आदेश संघाला द्यावा, आणि त्यात श्री. दुशान यांचं नाव स्पष्ट लिहावं. वहीची पेटी अर्जदाराच्या फाटकावर हलवावी. तेही नको असेल तर नर बागेत असताना अर्जदाराला खिडकीतून ओरडून सही करता यावी. तेही नियमात बसत नसेल तर अर्जदाराच्या पत्नीने नराला सफरचंदं घालणं थांबवावं असं कचेरीच्या शिक्क्यानिशी तिला कळवावं. ती अर्जदाराचं ऐकत नाही. कागदाचं ऐकेल.

आणि यातलं काहीच होणार नसेल, तर निदान यादीच्या तळाला नाव टाकताना शेवटून दुसरं टाकावं. शेवटचा म्हणवून घेणं या वयात सोसत नाही.

अर्जदाराने आजवर सरकारकडे काही मागितलेलं नाही. एकच नर मागत आहे, तोही आधीच त्याच्या नावाचा आहे. शिकारीला यश लाभो अशी आपणास सदिच्छा देऊन अर्ज इथे थांबवतो.

आपला नम्र व पालथं झोपणारा,
(सही)
वेंदेलीन क्रुपाश

सोबत:
१) डॉ. ब्रेझिनोवा यांचं प्रमाणपत्र, भुवई.
२) त्यांचंच प्रमाणपत्र, नाक.
३) नराचा फोटो, स्वयंपाकघराच्या खिडकीतून. त्यात पत्नीही दिसते, त्याला इलाज नाही.
४) आलेख, सतरा पानं.
५) गालाची फळी, तुटलेली, सूप पुसून.
६) संबंधित सॉसेजचा नमुना, डब्यात. कृपया चाखून बघावा.

ता. क. दि. २९ डिसेंबर. हा अर्ज घेऊन अर्जदार आज सकाळी सात दहाच्या बसने पोद्लुझेला निघाला. गावाबाहेरच्या वळणावर बस नराला धडकली. नर जागीच मेला. फाटे बाराच आहेत. गाडीखाली मेलेलं जनावरही कोणत्यातरी परवान्यावर दाखवावं लागतं, म्हणून श्री. झुर्न्याक यांनी ते क्रमांक ४ वर दाखवलं, आणि परवान्याचा धारक जागेवर हजर असल्यामुळे पंचनाम्यावर अर्जदाराची सही घेतली. अर्ज लिहिलेला असल्यामुळे सादर करण्यात येत आहे. रक्तात बुडवलेली फांदी, जनावर ज्याच्या हातून पडलं त्याच्या टोपीत खोचायची असते, त्यामुळे ती बसच्या चालकाला देण्यात आली. चालकाकडे टोपी नव्हती, म्हणून अर्जदाराची घेतली. ती त्याला बसली.